रिकाम्या खुंट्याचं आवतन

आमचं गाव एकदा मेलेलं आहे. अशा मेलेल्या गावाच्या जागेला आमच्याकडे रीठ म्हणतात. पुलगावहून येणारी एसटी जिथे उतरवते तिथून आजचं गाव डाव्या हाताला आणि रीठ उजव्या हाताला. मध्ये कपाशीची शेतं आणि एक नाला. रिठीवर कोणी राहत नाही. पांढऱ्या मातीचा उंचवटा, त्यावर तरोट्याचं रान, बुजत आलेली एक विहीर आणि चिंचेच्या बुंध्याजवळ ठोकलेला सागाचा एक खुंटा, एवढंच तिथे आहे. त्या खुंट्याला बैल बांधलेला मी कधी पाहिला नव्हता. तरी दर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी माझी आत्या तिथे जायची आणि खुंट्याला तूप-हळद लावून यायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्यावर पळसाच्या पानाने तूप-हळद चोळतात आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. आवतन ज्या घराचं, बैल त्या घरचा पाहुणा. आत्या आपल्या जोडीचं आटोपलं की वाटीत उरलेली हळद घेऊन नाला ओलांडायची. खुंट्याचं डोकं चोळायची, वाकायची आणि तिथे नसलेल्या बैलाला जेवायला बोलवायची.

"कोनाले बलावून राह्यली वं आत्या?" मी लहानपणी विचारायची.

"नेलेल्याले," ती म्हणायची. "त्याईचं जेवन राह्यलं अजून."

हे नेलेले बैल म्हणजे आमच्या घरातला सर्वांत जुना राग. नागपूरच्या राज्यात कंपनीच्या साहेबांचा हात शिरला, त्या सुरुवातीच्या काळातली ही गोष्ट. पीक येवो न येवो, सारा रोकडीत भरायचा, असा हुकूम झाला. वसुलीला साहेब स्वतः आला नाही. त्याने आमच्यातलाच एक माणूस नेमला. त्या माणसाने एका दिवशी गावाच्या दावणी सोडल्या आणि बैल हाकलून नेले. तेव्हा पेरणी तोंडावर होती. बैल नाहीत तर नांगर नाही, आणि नांगर नाही तर काळ्या जमिनीत कुंदा येतो. कुंदा हे गवत ज्याने खणलं नाही त्याला त्याची दहशत कळणार नाही. त्याची मुळं माणसाच्या कमरेइतकी खोल जातात आणि वखराला दाद देत नाहीत. दोन पावसाळ्यांत शेतं कुंद्याने भरली आणि लोक रात्री-बेरात्री वर्धा नदी उतरून वऱ्हाडात, निजामाच्या मुलखात गेले. गावाची रीठ झाली.

मग वर्षं गेली, कापसाला भाव आला, रेल्वे आली. सरकारला ओसाड जमिनी पुन्हा लागवडीखाली हव्या होत्या. ते ओसाड गाव पट्ट्याने कोणी घेतलं? ज्याने बैल नेले होते त्याच घराने. नदीपलीकडून त्याच लोकांना बोलावून आणलं, रिठीऐवजी नाल्याच्या अलीकडे वसवलं आणि सांगितलं, खणा कुंदा. कुणब्यांनी खणला, महारांनी खणला, गोंडांनी खणला. सब्बल म्हणजे लोखंडी पहार घेऊन, गुडघ्यावर बसून, वर्षानुवर्षं. जमीन सुधारली तसं ते घर मालगुजार झालं आणि खणणारे त्यांची कुळं झाली. मालगुजारी कायद्याने गेली, त्यालाही आता जमाना झाला. पण गाव त्या घराच्या वारसाला अजून मालक म्हणतं, आणि पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी जायची ती मालकाच्याच नावाने.

या अन्यायाचा राग मला आत्याने दिला. त्याला शब्द दिले ते पत्रकांनी. माझे बाबा वर्धा शहरालगतच्या नालवाडीत एका लहानशा छापखान्यात मशीनवर होते; आम्ही तिथेच राहायचो आणि पोळ्याला गावी यायचो. बिघडलेल्या छपाईचे गठ्ठे घरी यायचे. माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं, डब्याखाली तेच कागद. अक्षरओळख मी बाराखडीच्या पुस्तकावर केली नाही, तर 'जाहीर निषेध' आणि 'शेतकरी बांधवांनो' यांवर केली. धरणग्रस्तांची पत्रकं, दारूबंदीची पत्रकं, गिरणी कामगारांची पत्रकं. शाई पसरलेली, ओळी वाकड्या, पण प्रत्येकात कोणीतरी कोणालातरी जाब विचारत होतं. मला वाटायचं, लिहितात ते यासाठीच. अजून तसंच वाटतं. सुंदर लिहिणाऱ्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते, की तुमचं भांडण कुणाशी आहे?

माझं भांडण कुणाशी आहे हे मला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. फक्त तो समोर यायचा होता.

तो गेल्या पावसाळ्यात आला. मालक नागपुरात राहतात, तिथे त्यांची हॉटेलं आहेत. पन्नाशीचे, गोड बोलणारे, हातात कायम गाडीची चावी. गावच्या फाट्यावर त्यांनी स्वखर्चाने एक कमान बांधायला घेतली होती. कमानीच्या खांबावर एक काळा दगड बसणार होता आणि त्यावरचा मजकूर लिहायला गावची लेखिका हवी होती. म्हणजे मी. आमच्या नालवाडीच्या घरात, पत्र्याच्या खुर्चीवर बसून त्यांनी कच्चा मजकूर वाचून दाखवला. ओसाड पडलेलं हे गाव ज्यांनी वसवलं त्या पुण्यपुरुषाच्या स्मरणार्थ, असं काहीसं. पुढे तलावाचा उल्लेख, मंदिराचा उल्लेख.

"भाषा जरा सजवून द्या बेटा," ते म्हणाले. "पोळ्याच्या दिवशी अनावरण करू. तोरण सुटलं की सगळं गाव वाजतगाजत कमानीकडे."

मी विचारलं, "गाव ओसाड कशानं पडलं, ते लिहायचं का?"

"दुष्काळ, पेंढारी. तेव्हा काय, रोज काहीतरी."

"बैल कुणी नेले ते?"

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा चष्मा पुसत होते. "कुठले बैल?" मालक खरंच गोंधळले होते. मला त्याचाच जास्त संताप आला. आम्ही एवढी वर्षं खुंट्याला तूप लावतो आणि यांच्या घरात त्या गोष्टीचा विषयसुद्धा निघत नाही. ज्याने मारलं तो विसरला, आणि ज्याने मार खाल्ला त्याच्या हाडांत तो राहिला.

मी त्यांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बघा, याला पुरावा काय? आमच्या पूर्वजांनी तलाव बांधला, तो तर डोळ्यांना दिसतो."

"दिसतो. त्याची माती कुणाच्या डोक्यावरून गेली?"

"असा विचार केला तर जगात कुणाचंच काही नाही," ते हसून म्हणाले आणि उठले. दारात चपला घालता घालता त्यांनी बाबांना दुसरं काम सांगितलं. त्यांच्याकडे आता बैल नाहीत, सगळं ट्रॅक्टरवर. दरवर्षी ते तोरणासाठी बाहेरून भाड्याची जोडी आणत, पण यंदा फोटोवाले येणार होते, गावातलीच उमदी जोडी हवी होती. आणि गावात उमदी म्हणावी अशी जोडी एकच उरली आहे. आत्याची.

मी दोन दिवसांनी गावाला गेले. आत्या गोठ्यात शेण भरत होती. ती विधवा आहे, मूलबाळ नाही, नालाकाठचं शेत स्वतः करते. लोक ट्रॅक्टर लावतात तेव्हा ती उभ्या पिकात बैलांनी डवरणी करते आणि कारण विचारलं तर म्हणते, ट्रॅक्टर हाक मारल्यावर मान वळवत नाही.

"मालकाचा निरोप आला असंल," मी म्हटलं. "नाई म्हन."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? ज्याईनं आपले बैल नेले त्याईलेच आपले बैल देशीन? अन् तेबी मानाले?"

"तू बस आंधी. तोंड पाह्य कसं झालं, कढईतल्या मिरचीवानी." तिने हात धुतले. "मी हो म्हनून पाठवलं."

आत्या पदराला हात पुसत राहिली.

"पन एक अट टाकली म्या. आदल्या संध्याकाळी मालकानं सोता याचं. खांद शेकाची, आवतन द्याचं. मंग जोडी त्याची, मान त्याचा. त्यानं हो म्हनलं."

"अन् आला तर?"

"आला तर रिठीवर बी नेतो म्या त्याले. खुंट्याले हात लावाले लावतो. त्याच्या तोंडून नेलेल्याले आवतन निघालं, तर मांगचं फिटलं म्हनू. सोन्याचा दगड लाव म्हना मंग."

"नाई आला तर?"

आत्या हसली. "तं मंग तू हायेच ना. पत्रक काढजो."

मला त्याने यायला नको होतं. हे मी स्पष्ट लिहिते आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. दोन मिनिटं खुंट्याला हात लावून त्याने एवढ्या पिढ्यांचं सगळं धुऊन टाकावं, हे मला मान्य नव्हतं. आत्याला हिशेब मिटवायचा होता. मला तो चव्हाट्यावर मांडायचा होता. ज्या कमानीखालून गावातली प्रत्येक पोर शाळेत जाणार, त्या कमानीवर ते खोटं कोरलं जाता कामा नये, एवढंच मला पाहिजे होतं. आणि ते गावाने नाकारायला हवं होतं, मी एकटीने नाही.

मी पत्रक काढलं नाही. पोळ्याला पत्रक कोणी वाचत नाही. पोळ्याला आमच्याकडे झडती म्हणतात. तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की कोणीतरी हात वर करून यमक जुळवलेल्या चार ओळी फेकतो, पाटलाला, पुढाऱ्याला, शेजाऱ्याला, ज्याच्यावर डाव असेल त्याला. शेवटी सगळं गाव 'हर हर महादेव' म्हणतं. ज्याच्यावर झडती गेली त्याने झडतीनेच उत्तर द्यायचं असतं. मारामारी करायची नाही, रागावून निघून जायचं नाही. आत्तापर्यंत झडत्या पुरुषच म्हणत.

पहिला खर्डा मी आत्याला वाचून दाखवला. त्यात साम्राज्यवाद होता, शोषण होतं, मध्यस्थ वर्ग होता.

"हे झडती व्हय का तहसीलची नोटीस?" आत्या म्हणाली. "बैल झोपन ना ऐकता ऐकता."

मी तो फाडला. मग तीन ओळी जमल्या. चौथी जमेना.

खांदशेकणीच्या संध्याकाळी आत्याने अंगण सारवून ठेवलं, मालकासाठी पाट मांडला. वाटीत तूप-हळद, बाजूला पळसाची पानं. बैल धुतलेले, शिंगं रंगवलेली. सूर्य नाल्यापलीकडे उतरला तरी गाडीचा आवाज नव्हता. मी ओसरीवर बसून रस्त्याकडे पाहत होते आणि प्रत्येक मिनिटाला माझा उत्साह वाढत होता. आत्याचा चेहरा मात्र उतरत चालला होता. तेव्हा मला कळलं की तिने तो पाट मनापासून मांडला होता.

दिवेलागणीला गाडी आली. त्यातून मालकाचा ड्रायव्हर उतरला. हातात सोनपापडीचा डबा.

"मालक मीटिंगमध्ये अडकले आहेत, मावशी. ही मिठाई दिली. आणि बैल उद्या किती वाजता तयार राहतील, विचारलंय."

आत्याने डबा घेतला नाही. ड्रायव्हर बिचारा तो पाटावर ठेवून गेला.

"बैल म्हंजे काय जीप व्हय का, तयार राह्यतीन," ती स्वतःशीच म्हणाली. मग वाटी उचलली आणि तिनेच खांदे शेकले, तिनेच आवतन दिलं. सोनपापडीचा डबा मी उघडला आणि बैलांपुढे ठेवला. एकाने हुंगून फुर्रर्र केलं. आम्ही दोघी हसलो, पण ती लगेच थांबली. उरलेली हळद घेऊन ती रिठीकडे निघाली. मी बरोबर गेले. नाल्यात पाणी घोट्यापर्यंत होतं. तिथे खुंट्यासमोर ती नेहमीसारखी वाकली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तशीच राहिली.

परत येताना मला चौथी ओळ सापडली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, गाव गोळा झालं. आंब्याच्या पानांचं तोरण दोन बल्ल्यांना बांधलेलं. ज्यांच्या जोड्या उरल्या होत्या त्यांच्या जोड्या, बाकी पोरांचे लाकडी बैल. डफडं वाजत होतं. आत्या जोडी घेऊन आली, झुली घातलेली, कपाळावर बाशिंग. मालक पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, फेटा बांधून सगळ्यांत पुढे उभे होते. आत्याने काही म्हणायच्या आत ड्रायव्हरने तिच्या हातातला कासरा घेतला आणि मालकाच्या हातात दिला. फोटो निघाले. फाट्यावरच्या कमानीवरचा दगड भगव्या फडक्याने झाकलेला इथूनही दिसत होता. मी मजकूर दिला नाही, तेव्हा दगडावर शेवटी मालकानेच कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं.

एक-दोन झडत्या झाल्या. सोयाबीनच्या बियाण्यावर एक, सरपंचाच्या नव्या बुलेटवर एक. लोक खिदळत होते. मी पुढे गेले आणि हात वर केला.

"पोरगी म्हनन काय झडती?" मागून एक म्हातारा म्हणाला.

"बैल बाईचे, तं झडती बी बाईची," दुसऱ्याने सुनावलं. "म्हन वं पोरी."

मी झडती म्हटली:

"कंपनीच्या घोड्यामांगं खुंट्याचे बैल नेले,
गाव झालं रानोमाळ, चुलीत कुंदे आले.
कुंदा खंदला आमी, नाव दगडावर कोनाचं?
खांद शेकली नाई ज्यानं, तोरन त्याचं कसं मानाचं?"

'हर हर महादेव' लगेच आलं नाही. आधी सगळ्यांच्या माना वळल्या, माझ्याकडे नाही, बैलांच्या खांद्यांकडे. हळद होती. मग मालकाच्या हातांकडे. आमच्याकडे खांद शेकणाऱ्याचे हात दोन दिवस पिवळे राहतात, साबणाने जात नाहीत. मालकाचे तळवे स्वच्छ होते. आत्याचे पिवळे. मी हे योजलं नव्हतं. मी फक्त ओळ लिहिली होती, बाकी गावाने वाचलं.

मग ओरडले सगळे. डफडंवाल्याने एक जोराची थाप दिली.

"मालक, उत्तर द्या," कोणीतरी म्हणालं.

मालक हसले. "मला हे येत नाही बुवा. चला, उशीर होतोय, पुढे चला."

"येत नाई?" तोच मघाचा म्हातारा. "पह्यला मान तुमचा, अन् झडती येत नाई?"

मालकाने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर जमिनीकडे पाहत होता. त्या क्षणासाठी मी दहाव्या वर्षापासून थांबले होते, आणि मी तो पूर्ण पाहिला, डोळे मिटले नाहीत. दावणीवरून बैल सुटत होते तेव्हा आमच्या लोकांजवळ बोलायला शब्द नव्हता. आज त्याच्याजवळ नव्हता.

तोरणाचा दोर ज्याच्या हातात असतो तो गावातला सर्वांत वयस्क माणूस. त्याने दोर तसाच ताणून धरला.

"जोडी कोनाची?" त्याने विचारलं.

"माह्यी," आत्या म्हणाली.

"आवतन कोनाचं?"

"माह्यंच. मालकाची वाट पाह्यली, बापा. पाट मांडला होता."

"मंग ने."

आत्याने हात पुढे केला. मालकाने कासरा लगेच सोडला नाही. फोटोवाला समोरच होता, त्यामुळे चेहरा हसरा ठेवून ते हळूच म्हणाले, "बाई, हे बरं नाही दिसत."

"मले बी काल बरं नाई दिसलं," आत्या म्हणाली आणि कासरा घेतला.

दोर सुटला. आत्याची जोडी पहिली गेली, मागे बाकीच्या. रिवाज असा की तोरणातून निघालेली पहिली जोडी आधी मालकाच्या दारात जाते. तिथे त्यांच्या घरच्या बाया नागपूरहून येऊन आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या. तिथून मिरवणूक कमानीकडे वळायची होती. आत्या त्या दारासमोर आली. मला वाटलं थांबेल. ती तशी मवाळ आहे. तिने बैलांना थांबवलं नाही. ती वळली, पाणंदीने सरळ नाल्याकडे. बैलांना वाट ठाऊक होती. पहिल्या जोडीमागे जायचं एवढंच गावाला ठाऊक, म्हणून डफडं मागे, पोरं मागे, लाकडी बैल मागे. काही म्हातारे घुटमळले, मालकाच्या दाराकडे पाहिलं आणि तेही निघाले. नाल्यातून सगळं गाव गेलं, साड्या वर धरून, चपला हातात घेऊन.

रिठीवर पोचल्यावर आत्याने जोडी त्या खुंट्याला बांधली. मी तिच्या घरून पळत जाऊन आणलेला पाट तरोट्यातच ठेवून तिने पुरणपोळीचा घास भरवला. त्या खुंट्याचं दावं बैलांनी ताणलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आत्याने एका बैलाच्या पाठीवर कपाळ टेकलं. ती काय म्हणाली ते डफड्यात ऐकू आलं नाही आणि मी विचारलं नाही.

मालक संध्याकाळीच नागपूरला परतले. अनावरणाला माणसं उरली नव्हती आणि रिकाम्या रस्त्यावर एकट्याने फडकं ओढणं त्यांना जमलं नसावं. पुढे बाबांकडे निरोप आला, की पोरीने घराण्याची बदनामी केली. बाबांनी निरोप्याला सांगितलं की छापील उत्तर हवं असेल तर मशीन रिकामं आहे.

कमान तशीच उभी आहे. गावाने दगड काढला नाही आणि फडकंही सोडलं नाही. शाळेत जाणारी पोरं त्याखालून जातात आणि फडक्याआड काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक नाही. यंदाच्या उन्हाळ्यात वाऱ्याने एक कोपरा फाटला आणि 'वसवलं'मधली 'वसव' एवढी अक्षरं दिसायला लागली. मी फाट्यावरच्या दुकानातून जाड कापड घेतलं आणि आत्याकडून दाभण. आम्ही दोघींनी मिळून ते टाके घालून पुन्हा घट्ट शिवलं.